माझा गोपाल, त्यांचा गोपालभाऊ

मी गाव सोडलं त्या सकाळी मोताळ्याच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग एसटीच्या खिडकीतून आत ढकलली आणि कंडक्टरला तीनदा बजावलं, की पोरीला मलकापूरला स्टेशनच्या जवळ उतरवा, तिथून तिची पुण्याची गाडी आहे. कंडक्टर म्हणाला, काका, ही बस मलकापूरच्या पुढं जातच नाही, ती झोपली तरी तिथंच उतरणार. सगळे हसले. आई तेवढी हसली नाही. माझा धाकटा भाऊ गोपाल तेव्हा अकरावीत होता. तो खिडकीखाली उभा राहून, आत हात घालून माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा लावून बघत होता. लागलेलीच होती.

या जाण्यामागे बाबांचं एक वाक्य होतं. बारावीच्या निकालानंतर ते जेवता जेवता म्हणाले होते, "वावर एकालेच पुरते. तू शीक. वावर गोपाल पाहीन." झाली वाटणी. मला जग आणि त्याला साडेतीन एकर, त्यात मेथी, कोथिंबीर, वांगी आणि उन्हाळ्यात तळ गाठणारी विहीर. गोपालला कुणी विचारलं नाही. मीही नाही. उलट मला वाटलं होतं, त्याचीच चांदी आहे, बसल्या जागी शेत मिळालं.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आले आणि ज्यांचे भाऊ मागे राहिले, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मागे राहिलेल्यांनी वाचलं तर खुशाल रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

पुण्यात मी फार्मसी केली, औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले, वाकडला दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं फ्लॅट घेतला. पहिल्या वर्षी 'मले', 'तुले' तोंडातून गेलं, दुसऱ्या वर्षी 'का'च्या जागचं 'काऊन' गेलं. ब्रंच म्हणजे काय ते कळलं आणि त्यात पोहेच असतात हेही कळलं. गावाकडे गोपाल बी.ए. झाला. मग पोलीस भरतीसाठी पहाटे रोहिणखेडच्या रस्त्यानं धावू लागला. तीनदा भरतीला गेला आणि तीनदा परत आला, तिसऱ्या वेळी अवघ्या दोन गुणांनी. मी त्याला फोनवर म्हटलं, इकडे ये, चाकणला ढिगानं कंपन्या आहेत. माझ्या बोलावण्यानं तो आला. हे मी विसरू नये म्हणून इथं लिहून ठेवते.

तो ठेकेदाराकडून एका कारखान्यात लागला आणि खोली मिळेपर्यंत आमच्या हॉलमध्ये झोपू लागला. सकाळी आमच्या आधी उठून गादी गुंडाळून ठेवायचा, मैत्रिणींना ताई म्हणायचा. एका रविवारी माझ्या ऑफिसातली चौघं जेवायला आली होती. गोपालला ओव्हरटाइम होता. तो दुपारी आला तो तसाच, तेलाचे डाग पडलेला निळा शर्ट, हातात काढलेले बूट. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, हा कोण? आणि मी म्हणाले, "आमच्या गावाकडचा मुलगा आहे, कामासाठी आलाय."

हे तोंडातून कसं गेलं, ते मला आजही सांगता येत नाही. खोटं ठरवून बोललं जातं, हे ठरवलेलंही नव्हतं. गोपालनं माझ्याकडे एकदा पाहिलं, बूट दाराबाहेर ठेवले आणि मला विचारलं, "मॅडम, चहा ठेवू का?" पाच जणांचा चहा केला त्यानं, वेलची घालून. सगळ्यांनी चहाची तारीफ केली. पाहुणे गेल्यावर मी रडत माफी मागितली, तर म्हणाला, "बरं केलं ताई. मले बी कुठं बोलता आलं असतं त्यायच्यात." आठवड्याच्या आत तो चाकणला एका खोलीत राहायला गेला. खोलीत सात जण होते. मला हायसं वाटलं, तेही लिहून टाकते.

त्याच्या गल्लीच्या टोकाला एका संघटनेची दर रविवारी बैठक भरायची. सुरुवातीला तो तिथं जेवणासाठी जायचा, कारण मेसला रविवारी सुट्टी. तिथं त्याला गोपालभाऊ म्हणत. वाढदिवस कुणी विचारून ठेवला होता, त्या दिवशी त्याच्या नावानं केक कापला. आमच्या घरात तोवर कुणाचा केक कापला गेला नव्हता. मग त्याला डेंग्यू झाला. संघटनेच्या पोरांनी त्याला दवाखान्यात नेलं, पाळीपाळीनं उशाशी बसले, रक्त देणारे शोधले. मला कळलं तिसऱ्या दिवशी. आमच्याकडे ऑडिट चालू होतं, मी दोन वेळा त्याचा फोन कापला होता.

तरुण पोरं अशा संघटनांकडे का वळताहेत यावर नंतर मी बरंच वाचलं. बेकारी, मोबाइल, इतिहासाचं अर्धवट ज्ञान, असं सगळं लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाही. फक्त त्यात डेंग्यू नसतो. उशाशी कोण बसलं होतं, हे नसतं.

अकरा महिन्यांनी ठेकेदारानं त्याला ब्रेक दिला, म्हणजे काढलं, आणि गोपाल गावी परतला. शेत होतंच. आता लग्नाचं बघायला हवं होतं. सात ठिकाणी पोहे खाऊन झाले. शेतकरी मुलगा म्हटल्यावर मुलीकडचे कपातला चहा संपायच्या आत विषय बदलत. सातव्या ठिकाणाहून परतताना त्यानं मला फोन केला. आवाज शांत होता. म्हणाला, "ताई, त्या पोरीनं तेच सांगतलं जे तुह्या कागदावर लिवलं होतं." माझा लग्नाचा बायोडाटा त्यानंच मोताळ्यात टाइप करून आणला होता. वराकडून अपेक्षा: पुण्या-मुंबईत नोकरी, गावी शेती असल्यास उत्तम, शेती करणारा नको. माझं तसं लग्न झालंही होतं, बँकेतल्या माणसाशी. मी त्याला म्हटलं, अरे, ती आपल्या जागी बरोबर आहे. तो म्हणाला, "हाव ना. सगळेच बरोबर हायत."

त्यानंतर त्याच संघटनेचे जिल्ह्याचे एक दादा गावात आले. गोपालच्या गळ्यात गमछा पडला, हातात नियुक्तीपत्र आलं, चौकात त्याच्या फोटोचा फलक लागला. आजवर त्याचा फोटो फक्त भरतीच्या अर्जावर लागला होता. गावाची विजेची डीपी जळाली आणि वायरमन दोन आठवडे फिरकला नाही, तेव्हा गोपालनं दादांना फोन लावला. तिसऱ्या दिवशी नवी डीपी बसली. बाबा मला फोनवर म्हणाले, "पोरगं कामाचं झालं." हे वाक्य ऐकायला तो किती वर्षं तरसला असेल, ते मला ठाऊक आहे.

आमचं भांडण फॅमिली ग्रुपवर चालायचं. तो व्हिडिओ टाकायचा: हे आपल्याला संपवायला निघालेत, जागे व्हा. मी पुण्यात बसून त्यातली खोटी तारीख काढून दाखवायची, वर टोमणा मारायची, 'बी.ए. झालेल्या माणसानं तरी वाचून टाकावं.' काका अंगठा दाखवायचे, आत्या हात जोडायची. मी एकाही वादात हरले नाही. एके दिवशी 'गोपाल लेफ्ट' असं आलं. मग व्हिडिओ बंद झाले आणि मला वाटलं, सुटलो. काय अक्कल म्हणावी. तो पाठवणाऱ्यांतून करणाऱ्यांत गेला होता, म्हणून पाठवायला वेळ नव्हता.

गेल्या हिवाळ्यात त्याचं लग्न ठरलं. दादांनीच जुळवलं, जालन्याकडची मुलगी. मी आठ दिवसांची रजा घेऊन गेले. गाव तेच होतं आणि नव्हतंही. पाराजवळच्या दुकानांपैकी काहींच्या शटरवर लहान भगवा झेंडा चिकटवलेला होता, काहींच्या नव्हता. मी विचारलं, हे काय? गोपाल म्हणाला, "गिऱ्हाइकाले कळावं म्हून." दुकानं सहा-सात. प्रत्येकाच्या मालकाचं नाव, आजोबाचं नाव आणि कुणाला कोणता आजार आहे, एवढं गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक. कळायचं काय राहिलं होतं?

आमच्या गावातल्या मणियार गल्लीत बांगडीवाल्या मणियारांची तीन घरं. त्यातल्या रशीदाचाचीनं आईला लग्न होऊन आली तेव्हापासून बांगड्या भरल्या, माझा चुडाही तिनंच भरला. तिचा मुलगा इर्फान आणि गोपाल शाळेत एका बाकावर. आमच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या पाच दिवस आधी चाची पेटी घेऊन ओसरीवर बसायची. पहिल्या दोन बांगड्या देवीच्या नावानं बाजूला काढायची, मग नवरदेवाच्या आईचा हात धरायची. सगळ्यांचं भरून झालं, की कणीक, डाळ, गूळ, नारळ असा शिधा नवरदेवानं स्वतःच्या हातानं तिच्या पदरात घालायचा. त्याशिवाय हळद लागत नाही. हे कुणी केव्हा ठरवलं, कुणास ठाऊक. त्यांच्या घरच्या बाईच्या पदरात माझ्या बाबांनी घातलाय, आजोबांनी घातलाय.

गोपालनं एक पुठ्ठ्याचा डबा आणून आईसमोर ठेवला. अकोल्याहून मागवलेल्या हिरव्या बांगड्या, सोनेरी टिकल्या लावलेल्या. "आपल्या मानसाच्या दुकानातल्या हायत," तो म्हणाला. चाचीला बोलावणं जाणार नाही, हे न बोलता सांगून झालं. आई डब्याकडे बघत राहिली. बाबा उठून गोठ्याकडे गेले.

आईचा हात तीस वर्षं निंदणखुरपण केलेला. अंगठ्याचं हाड वर आलेलं आहे. आत्यानं साबण लावला, मी प्लास्टिकची पिशवी चढवली, आईनं ओठ मिटून हात दिला. पहिली बांगडी त्या हाडावर येऊन अडकली आणि तिथंच गेली. दुसरीही गेली. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या दिवशी कुणी काहीच म्हटलं नाही. मनगटावरून रक्त खाली आलं, ते आईनं पदरानं पुसलं आणि ती मला म्हणाली, "चाल, मेथी उपटाले जाऊ."

मेथी उपटायला घरात चार बाया होत्या. तरी मी गेले. विहिरीच्या पलीकडे, बांधाच्या आडोशाला रशीदाचाची बसलेली होती, पेटी पदराखाली. आईनं तिला निरोप केव्हा धाडला, मला माहीत नाही. चाचीनं आईचा हात मांडीवर घेतला, जखम पाहिली, तोंडातून च्च केलं. मग तिनं अंगठा आत दुमडला, हाड दाबलं आणि कसंसं फिरवून बांगडी वर सरकवली.  एकामागून एक बारा-बारा बांगड्या चढल्या, एकही वाढली नाही. पन्नाशीतल्या दोन बाया आपल्याच वावरात चोरासारख्या बसल्या होत्या, आणि मी रस्त्यावर नजर ठेवून उभी होते.

भरता भरता चाचीनं सांगितलं, की मागच्या महिन्यात पोरं आली होती. बांगड्यांच्या दुकानाचा फोटो काढला, घराचा काढला, घरात माणसं किती ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं. मी विचारलं, गोपाल होता?

"होता. रस्त्यावरच उभा राह्यला," ती म्हणाली. "घरात आला असता तं दोन गोष्टी सुनावल्या असत्या मी त्याले. रस्त्यावरच्याले काय म्हनाव, बाई?"

शिधा आईनं पाटीत मेथीखाली लपवून आणला होता. तो तिनंच चाचीच्या पदरात घातला. चाचीनं घेतला, पण तिचं लक्ष आमच्या घराच्या वाटेकडे होतं.

हळदीच्या दिवशी आईचे हात सगळ्यांना दिसले. डब्यातल्या बांगड्यांना टिकल्या होत्या, या साध्या होत्या. गोपालच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. दादा आले, मागून फोटोवाला आला, सगळे नवरदेवाच्या आईला पुढं बोलवू लागले. गोपाल उठला, आईजवळ गेला आणि तिचा पदर ओढून तिच्या दोन्ही मनगटांवर नीट पांघरला. मग फोटो काढू दिला. तो दादांपासून आईला लपवत होता की आईपासून स्वतःला, ते मला अजून ठरवता येत नाही. त्या वेळी मात्र मला मनापासून वाटलं, भाऊ अजून आहे. दोन महिने पुण्यात मी त्या एका पदरावर काढले.

मागच्या आठवड्यात मी दोन दिवसांसाठी पुन्हा गेले होते, बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला. परतताना गोपाल मला मोटारसायकलवर मोताळ्याला सोडायला आला. रस्त्यात पोरं हात वर करून गोपालभाऊ, गोपालभाऊ करत होती, तोही हात वर करत होता. स्टँडवर त्यानं माझी बॅग आत ठेवली, पाण्याची बाटली आणून दिली आणि बस सुटायच्या बेतात असताना खिडकीपाशी येऊन म्हणाला, "ताई, सणाले गावात येऊ नको. मायबाबाले बी पुण्याले बोलावून घे चार रोज."

"काऊन?" मी विचारलं. किती वर्षांनी हा शब्द माझ्या तोंडून निघाला.

"मिरवणूक हाय. औंदा त्याच गल्लीतून जाईन."

"आन चाची?"

तो कंडक्टरकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आता ते माह्या हातात नाई राह्यलं."

बस सुटली. तो चिडला नव्हता, धमकी देत नव्हता. डीपी कधी येईल ते सांगावं तसं सांगत होता, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. मलकापूर यायच्या आतच मी चाचीला फोन लावला. म्हटलं, सणाच्या आधी बहिणीकडे बुलढाण्याला जा, इर्फानलाही ने.  

"गोपालनं सांगतलं का?" तिनं विचारलं. मला हो म्हणवेना. "तू शिकाले गेली," ती म्हणाली, "गोपाल कामाले गेला. मी कशाले जाऊ, बाई?"

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांना फोन केला. तिकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मॅडम, तुम्हाला हे कुणी सांगितलं? मी फोन ठेवला. पाच दिवस झाले, मला प्रयोगशाळेतल्या साध्या नोंदी करता येत नाहीत. हेच पोर माझ्या बॅगेची लागलेली चेन लावत होतं, आणि आता त्याचं नाव माझ्या तोंडून मी पोलिसांना द्यायचं. नाही दिलं, आणि त्या गल्लीत काही झालं, तर मी आयुष्यभर काय म्हणून जगायचं? नवरा म्हणतो, तू इथून काय करणार, आपण लांबची माणसं. मीही बारा वर्षं हेच म्हणत आले. लांब असणं हे माझं सगळ्यात मोठं सुख होतं.

सणाला चार दिवस आहेत. आज मी रजेचा अर्ज भरला. त्यात रजेच्या काळातला पत्ता असा रकाना असतो. दरवेळी मी तिथं बाबांचं नाव टाकते. आज लिहिलं, रशीदाबी यांचं घर, मणियार गल्ली. बाबांचं घर तिथून शंभर पावलांवर आहे, पण मला आता घर म्हणून जिथं उतरावंसं वाटतं ते दार तेवढं एकच आहे. उद्या आधी तिकडच्या पोलीस ठाण्यात जाऊन लेखी देणार आहे. कुणी सांगितलं हे त्यांनी विचारलं, तर सांगणार आहे.

मग गोपालला फोन लावला आणि हे सगळं त्याला सांगितलं, ठाण्याचंही. लपवून काही करायचं नव्हतं. तो म्हणाला, "तिथी नको थांबू, ताई. तुले कोनी ओळखनार नाई त्या गर्दीत."

"तू तं ओळखशीन," मी म्हटलं.

त्यानं फोन ठेवला नाही. मागं पोरं त्याला हाका मारत होती, ढोल तापवत होती. मी कानाला फोन लावून बसून राहिले. तोही तिकडे तसाच धरून उभा होता.